कोंबड्याच्या मानेतली माशी

मृगाचा पहिला दमदार पाऊस झाला की एखाददुसऱ्या संध्याकाळी उधईला पंख फुटतात. धुऱ्यावरच्या वारुळांतून पाखरं धूर निघावा तशी बाहेर पडतात आणि जिथे उजेड दिसेल तिथे धावतात. घरातले दिवे मालवायचे, अंगणात एकच दिवा ठेवायचा आणि त्याच्याखाली पाण्याची परात, ही खेड्यातली जुनी रीत. दिग्रसजवळ अरुणावतीच्या काठी अशाच एका संध्याकाळी मी गळ टाकून बसलो होतो. पाखरं पाण्यावर पडत होती, चारही पंख पसरून तरंगत होती आणि एकेक करून दिसेनाशी होत होती. टप् असा बारीक आवाज, मग एक वलय. त्याच्या हातभर पलीकडे दुसरं. गांडूळ लावलेला माझा गळ तळाशी पडून होता आणि त्याला कुणी विचारत नव्हतं. मासे वर जेवत होते, मी ताट खाली मांडलं होतं.

पाण्यावर पडलेल्या किड्याची नक्कल गळावर बांधायची, ती बुडू द्यायची नाही आणि तिच्यावर मासा वर बोलवायचा, या कलेला जगभर ‘ड्राय फ्लाय’ म्हणतात. कोरडी माशी. बुडणारी ती ओली, तरंगणारी ती कोरडी. ही कला विलायती थंड नद्यांची आणि ट्राउट नावाच्या माशाची मानली जाते. ट्राउटला थंडगार पाणी लागतं. इंग्रजांनी तो काश्मीरच्या आणि निलगिरीच्या पाण्यात आणून सोडला. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांपर्यंत तापणाऱ्या यवतमाळ जिल्ह्यात तो जगणार नाही. पण वर येऊन किडे टिपणारा मासा काही एकटा ट्राउट नाही. पैनगंगा, अडाण, पूस, अरुणावती, वाघाडी, कुठल्याही पाण्याच्या काठी सांजवेळी दहा मिनिटं उभे राहा, वलयं दिसतील. आणि कोरडी माशी बांधायला जे लागतं ते जवळजवळ सगळं आपल्या अंगणात आणि वावरात आहे. मला ते कळायला बराच वेळ लागला.

गळावर माशी बांधल्याचं पहिलं स्पष्ट वर्णन सुमारे अठराशे वर्षांपूर्वीचं आहे. रोममध्ये राहून ग्रीक भाषेत लिहिणाऱ्या एलियनने मॅसिडोनियातल्या अस्ट्रेयस नदीवरच्या माणसांची हकिगत सांगितली आहे. तिथले ठिपक्याठिपक्यांचे मासे पाण्यावर घोंघावणारी एक विशिष्ट माशी खात. खरी माशी हातात धरली की तिचा रंग उतरे, पंख गळत, ती गळाला लावण्याजोगी राहत नसे. म्हणून ती माणसं गळाला लाल लोकर गुंडाळत आणि तिच्यावर कोंबड्याच्या गळ्याखालची मेणाच्या रंगाची दोन पिसं बांधत. काठी सहा फूट, दोरीही तेवढीच. आपल्याकडे नदीवर बांबूच्या शेंड्याला दोरी बांधून बसलेलं पोर आणि हा मॅसिडोनियन मासेमार यांच्या हातात एकच हत्यार आहे. चाक नाही, काही नाही. जपानच्या डोंगरी ओढ्यांवर आजही अशाच काठीने, अशाच बांधलेल्या माशीने मासे धरतात. त्या पद्धतीला ते ‘तेंकारा’ म्हणतात.

आपल्याकडचा जुना दाखला वेगळ्या वाटेने येतो. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याचा ‘मानसोल्लास’ हा 1129 च्या सुमाराचा संस्कृत ग्रंथ मराठी वाचकाला माहीत असतो तो ओवीमुळे. महाराष्ट्रात बायका कांडताना ओव्या गातात, ही नोंद त्यातली. त्याच ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ नावाचा भाग आहे. राजाच्या करमणुकींमध्ये गळाने मासे धरणं ही एक करमणूक म्हणून सांगितली आहे. माशांच्या जाती, त्यांची राहायची ठिकाणं, दोरी, काठी, कोणत्या माशाला कोणतं आमिष, हे सगळं राजा बारकाईने सांगतो. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी 1951 मध्ये या भागावर शोधलेख लिहिला, तेव्हा जगाला त्याची ओळख झाली. जवळजवळ नऊशे वर्षांपूर्वीच्या दख्खनच्या राजाला माशाच्या आवडीनिवडी इतक्या ठाऊक होत्या, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

कोरड्या माशीचं शास्त्र मात्र इंग्लंडच्या दक्षिणेला टेस्ट आणि इचेन या नद्यांवर घडलं. फ्रेडरिक हॅलफर्ड याने 1886 मध्ये तरंगत्या माश्यांवर आणि त्या बांधण्याच्या रीतीवर पुस्तक काढलं. चार वर्षांनी, 1890 च्या फेब्रुवारीत, त्याने अमेरिकेतल्या थिओडोर गॉर्डनला पत्रातून काही माश्या पाठवल्या. गॉर्डनने त्या समोर ठेवल्या, पण तशाच बांधल्या नाहीत. त्याच्या नदीवर उडणारे किडे वेगळे होते, पाण्याला ओढ जास्त होती. त्याने आपल्या नदीवरचे किडे पाहिले आणि माशी बदलली. त्याच्या नावाने आजही ओळखल्या जाणाऱ्या माशीचं अंग मोरपिसाच्या काडीचं आहे. म्हणजे न्यूयॉर्कजवळच्या डोंगरातल्या त्या नामांकित माशीसाठी मोर लागतो, आणि मोर हा मूळचा आपल्या भागातला.

आता मुद्द्याचा प्रश्न. लोखंड पाण्याच्या जवळजवळ आठपट जड. मग पोलादी गळ तरंगतो कसा?

पाण्याच्या पृष्ठभागाला ताण असतो. ताणलेल्या पातळ कापडासारखा तो वागतो. साधारण तापमानाला हा ताण दर मीटरला 72 मिलिन्यूटन इतका असतो. सोप्या भाषेत, एक सेंटीमीटर लांबीची कड पाण्यावर टेकली तर ती जास्तीत जास्त त्र्याहत्तरेक मिलिग्रॅम वजन तोलून धरते. हे फार नाही, पण कमीही नाही. अट एकच, टेकणारी वस्तू ओली होता कामा नये. ती भिजली की पाणी तिला कवेत घेतं आणि ताण मोडतो. म्हणून गळाभोवती अशी काहीतरी गोष्ट हवी की जिची पुष्कळ बारीक ताठ टोकं चारी बाजूंना पसरतील, प्रत्येक टोक पाण्याला नुसतं दाबेल, टोचणार नाही, आणि पाणी पिणार नाही.

ती गोष्ट म्हणजे कोंबड्याच्या मानेचं पीस.

अंगणात जाऊन कोंबडी आणि कोंबडा शेजारी उभे करून पाहा. कोंबडीच्या मानेचं पीस आखूड, गोलसर टोकाचं, मऊ. त्याचे तंतू एकमेकांत गुंतलेले असतात. पाण्यात टाकलं की कापसासारखं ओलं होतं. कोंबड्याच्या मानेचं पीस लांब, अरुंद, टोकाला निमुळतं आणि तेल लावल्यासारखं चकाकतं. त्याचे कडेचे तंतू सुटे असतात, ताठ असतात, बोटाने उलटे केले तर झटकन सरळ होतात. हा फरक संप्रेरकांचा आहे. कोंबडीच्या अंडाशयातून येणाऱ्या इस्ट्रोजेनमुळे तिची पिसं गोल आणि मऊ होतात. अंडाशय काढून टाकलेल्या कोंबडीला पुढच्या पिसारागळतीनंतर कोंबड्यासारखी पिसं येतात, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. मान फुगवून दुसऱ्या कोंबड्यासमोर उभं राहण्यासाठी निसर्गाने दिलेली ही झालर माणसाने गळावर नेऊन ठेवली.

विसाव्या शतकात बराच काळ अमेरिका-युरोपातल्या दुकानांत ‘इंडियन नेक’ म्हणून सुकवलेल्या मानेच्या कातड्या विकल्या जात. आपल्या खेड्यांतले गावरान कोंबडे मटणासाठी कापले जात आणि त्यांच्या माना परदेशी जात. पुढे तिकडच्या काही माशी बांधणाऱ्यांनी केवळ पिसांसाठी कोंबडे निवडून निवडून वाढवले. टॉम व्हाइटिंग या कुक्कुटशास्त्रज्ञाने 1989 मध्ये कोलोरॅडोत असं कुक्कुटालय सुरू केलं. तिथल्या कोंबड्यांच्या खोगिरावरचं, म्हणजे पाठीच्या मागच्या भागावरचं, एकेक पीस इतकं लांब असतं की त्यात अनेक माश्या होतात. 2011 मध्ये तर तिकडच्या मुलींमध्ये केसांत ही लांब पिसं लावायची टूम निघाली आणि माशी बांधणाऱ्यांना दुकानांत पीस मिळेना. या सगळ्यात गावरान कोंबडा मागे पडला. पण त्याच्या मानेवर वरच्या बाजूला, अगदी डोक्याजवळ, जी बारीक पिसं असतात ती छोट्या गळासाठी आजही उत्तम आहेत.

एक सावधगिरी इथेच सांगतो, कारण ती मनापासून महत्त्वाची वाटते. राखी रानकोंबड्याच्या मानेच्या पिसांवर मेण ओतल्यासारखे पिवळट-पांढरे ठिपके असतात. सॅमन माशाच्या भडक, सजवलेल्या माश्यांसाठी या पिसांना युरोपात मोठी मागणी होती आणि त्यापायी आपले हजारो रानकोंबडे मारले गेले. आज 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं त्याला संरक्षण आहे. पिसांचा हव्यास माणसाला कुठवर नेतो, याचं एक उदाहरण आहे. जून 2009 मध्ये इंग्लंडमधल्या ट्रिंगच्या संग्रहालयातून, लंडनमध्ये संगीत शिकणाऱ्या एका वीस वर्षांच्या बासरीवादकाने दुर्मीळ पक्ष्यांच्या 299 कातड्या चोरल्या, त्यांच्या पिसांच्या माश्या बांधण्यासाठी. त्यात आल्फ्रेड रसेल वॉलेसने दीडशे वर्षांपूर्वी गोळा केलेले पक्षी होते. आपल्या माशीसाठी रानातलं एकही पाखरू मारावं लागत नाही. कापलेला गावरान कोंबडा आणि मोराचं आपसूक गळालेलं पीस, एवढं पुरे. मोरपीस पावसाळ्याच्या शेवटाला धुऱ्यांवर, नाल्याकाठी सापडतं.

कोंबडा हिवाळ्यातला असला तर फार चांगलं. पिसं गळायच्या दिवसांत नव्या पिसांच्या नळ्यांत रक्त असतं, ती कच्ची असतात. मानेची पिसं रिठ्याच्या पाण्यात धुवायची, सावलीत सुकवायची आणि लांबीप्रमाणे वेगळी ठेवायची.

गळ चौदा नंबरचा घ्या. गळांचे आकडे उलटे चालतात, आकडा मोठा तसा गळ लहान. चौदा नंबरच्या गळाचा दांडा सेंटीमीटरभराहून किंचित कमी असतो. धरायला सोनाराकडे असतो तसा छोटा शेगडा हवा. नसेल तर पक्कड घ्या, तिच्या मुठींना रबर गुंडाळून ती आवळा आणि टेबलाला बांधा. गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा पकडीने चेपून सपाट करा. मासा सोडताना त्याचं तोंड फाटत नाही.

धागा बारीक रेशमी. शिवणयंत्राचा धागा जाड पडतो, चार वेढ्यांतच माशीचं डोकं कांद्याएवढं होतं. पोळ्याच्या मेणावरून धागा एकदा ओढून घेतला की तो गळाला चिकटून बसतो. नेढ्याच्या जरा मागून सुरुवात करून वेढ्याला वेढा लावत दांड्याच्या शेवटापर्यंत जा. तिथे शेपूट बांधा. कोंबड्याच्याच पिसाचे आठ-दहा ताठ तंतू, लांबी दांड्याएवढी. पाण्यावर माशीचा मागचा भाग ही शेपूट तोलते. ती मऊ झाली तर माशी मागे बसते, जणू थकून बसली आहे.

मग मोरपिसाची काडी, आणि इथे थोडा वेळ द्या. मोरपिसावरच्या डोळ्याच्या ठिकाणचा एक तंतू घ्या. त्याच्यावर हिरवी-जांभळी लव असते. तो तंतू कागदावर ठेवून शाळेतल्या खोडरबराने, बुडाकडून टोकाकडे नव्हे, टोकाकडून बुडाकडे घासा. लव निघून जाते आणि खाली उघडी काडी दिसते, एक कड गडद, एक कड फिकट. ती पाण्यात भिजवून मऊ करा आणि दांड्यावर पुढच्या दिशेने गुंडाळा. प्रत्येक वेढ्याला गडद रेघ, फिकट रेघ, गडद रेघ. किड्याच्या पोटावर असतात तशाच कड्या उमटतात. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा हातातलं काम थांबवून नुसतं पाहत राहिलो. खिडकीशी नेऊन भिंगाखाली पाहिलं. मोराने आपल्यासाठी नव्हे, पण किती नेमकं रंगवून ठेवलं आहे.

दांड्याचा पुढचा तिसरा हिस्सा मोकळा ठेवायचा. तिथे कोंबड्याचं पीस येणार. पीस निवडताना ते वाकवून त्याचे तंतू गळाच्या तोंडाशी, म्हणजे दांडा आणि टोक यांच्यातल्या अंतराशी, लावून पाहा. तंतू त्या अंतराच्या दीडपट हवेत. बुडाजवळचा मऊ भाग काढून टाका, दांडी बांधा आणि पीस उभं धरून चार-पाच वेढे द्या, एकाला लागून एक. आता तंतू सर्व बाजूंनी उभे राहतात, सायकलच्या चाकाच्या आऱ्यांसारखे. धाग्याने पिसाचं टोक आवळा, उरलेलं कापा, नेढ्यामागे दोन-तीन अर्ध्या गाठी मारा. गाठ सरकवायला रिकाम्या बॉलपेनची नळी उपयोगी पडते. धागा नळीभोवती फिरवायचा, नळीचं तोंड नेढ्यावर टेकवायचं आणि वेढा सरकवून द्यायचा. वरून नेलपॉलिशचा एक थेंब, सुईच्या टोकाने.

माझ्या पहिल्या पाच माश्यांची नेढी या थेंबाने बंद झाली. पीस नेढ्याच्या फार जवळ आणून बांधण्याची चूक जवळजवळ सगळेच करतात. दोरी ओवायला जागाच उरत नाही. थोडं मागेच थांबा, ही गोष्ट वाचून नाही, नेढी बुजवूनच कळते.

माशी जमली की नाही हे पाहायला नदीवर जायची गरज नाही. काचेच्या ग्लासात पाणी भरा, माशी अलगद वर सोडा आणि ग्लास डोळ्यांच्या वर धरून खालून पाहा. हे जरूर करा. या प्रकरणातलं बाकीचं सगळं विसरलात तरी चालेल. खालून पाणी आरशासारखं चमकतं आणि त्या आरशात जिथे जिथे पिसाचं टोक टेकलं आहे तिथे एक एक प्रकाशाचा ठिपका दिसतो. पाण्याचा ताण दाबल्यामुळे झालेला खळगा तो. माशी दिसण्याआधी मासा हे ठिपके पाहतो.

कारण माशाच्या डोक्यावर आकाश पूर्ण उघडं नसतं. पाण्यातून बाहेर जाणारा प्रकाश एका कोनापुढे परत पाण्यातच वळतो. त्यामुळे वर पाहणाऱ्या माशाला 97 अंशांची एक गोल खिडकी दिसते आणि सारं बाहेरचं जग त्या खिडकीत कोंबलेलं असतं. मासा एक फूट खोल असेल तर ती खिडकी सव्वादोन फूट रुंद. खिडकीच्या बाहेर पृष्ठभाग म्हणजे आरसा, त्यात तळाचे दगडगोटे दिसतात. वाहत येणारी माशी आधी त्या आरशात ठिपक्यांच्या रूपात येते, मग खिडकीच्या कडेला तिचे पंख उगवतात आणि अखेर सगळी माशी. कर्नल हार्डिंग याने 1931 मध्ये माशाच्या बाजूने पाहणारं एक पुस्तकच लिहिलं. त्यानंतर माशी बांधणाऱ्यांची नजर बदलली.

मला ते पुस्तकाआधी एका भोई काकांनी सांगितलं. पहिली नीट जमलेली माशी मी छान करड्या-पांढऱ्या पिसाची बांधली होती, विलायती चित्रात पाहिल्यासारखी. अरुणावतीवर घेऊन गेलो. काका जाळं वाळत घालत होते.

“काय करून राह्यला भाऊ?”

मी माशी त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी ती वरून पाहिली नाही. दोन बोटांत धरून डोक्याच्या वर उंच धरली, आभाळाकडे, आणि एक डोळा मिटून खालून पाहिली.

“वरून बेस दिसते. पण मासा तं खालून पायते. हे त्याले ढगासारखं पांढरं दिसन. आपल्या पाखराची सावली तांबडी असते.”

घरी येऊन मी तांबड्या कोंबड्याचं पीस लावलं. अंगाला मोरपिसाची तीच काडी, पण दोन वेढे जास्त, उधईचं पोट भरलेलं असतं म्हणून. दोरी ओवल्यावर पिसावर व्हॅसलीनचा हात, बोटावर दिसणारही नाही इतका. जास्त लागलं तर तंतू चिकटतात आणि सगळी मेहनत वाया जाते. काठी दहा फुटांचा बांबू, दोरी तेवढीच, शेवटचा हातभर भाग अगदी बारीक नायलॉनचा.

धरणं आणि तलाव बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतात. तिथे विचारूनच गळ टाकावा, त्या माशांवर कुणाची तरी चूल पेटते. टिपेश्वरसारख्या अभयारण्यात टाकायचाच नाही.

पुढचा पाऊस आला, उधई उडाली. खऱ्या पाखरांच्या मध्ये माझं तांबडं पाखरू पडलं आणि पाण्याच्या ओढीबरोबर चालू लागलं. दोरीने ओढ घेतली की माशी पाण्यावर रेघ काढते आणि मासे बिचकतात, म्हणून हात पुढे करून दोरी सैल ठेवायची. तिसऱ्या खेपेला टप् झालं. वर आला तो बोटभर लांबीचा, चपटा, चांदीच्या पत्र्यासारखा मासा, चिलव्याच्या जातीतला. त्याचं तोंड वरच्या बाजूला वळलेलं होतं. खालचा जबडा पुढे, उघडतो तो आकाशाकडे. वरचं अन्न टिपायलाच ते तोंड घडलं आहे. हेन्री सलिव्हन थॉमस या मद्रासकडच्या इंग्रज अधिकाऱ्याने 1873 मध्ये हिंदुस्थानातल्या गळाच्या मासेमारीवर पुस्तक लिहिलं, त्यातही असल्या छोट्या माशांची दखल आहे. ओल्या हाताने मी तो गळावरून सोडवला आणि पाण्यात धरला. दोन श्वास थांबून तो गेला.

त्या संध्याकाळी सात मासे आले. सातव्यानंतर माशी बुडायला लागली, कारण माशाच्या अंगावरची बुळबुळ पिसाला लागली की ते पाणी धरतं. स्वच्छ पाण्यात खळखळून, रुमालात दाबून, हवेत दोन-चार झटके दिले की ती पुन्हा उभी राहते. घरी आल्यावर बुचात टोचून रात्रभर वाळवायची. डबीत ओली ठेवली तर गळ गंजतो आणि गंज पिसात उतरतो. उरलेल्या मानेच्या पिसांच्या डब्यात डांबरगोळी टाकून झाकण घट्ट लावा, नाहीतर कसरीची अळी एका पावसाळ्यात सगळी पिसं खाऊन नुसत्या दांड्या ठेवते. माझी पहिली मान तशीच गेली. आता तांबड्या कोंबड्याची दुसरी मान आहे, आणि वारुळांवर अजून पाऊस पडायचा आहे.